सातव्या शतकातील मदिनेत विधवा स्त्रीचा निवारा, हिस्सा आणि पुढचे लग्न

जुनी वही

एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रातील विधवांच्या प्रश्नावर गेले काही महिने वाचन करीत आहे. १८५६ च्या विधवा पुनर्विवाह कायद्याने हिंदू विधवेला पुन्हा लग्न करण्याची मुभा दिली, परंतु तिने लग्न करताच पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा तिचा हक्क संपेल, अशी तरतूदही त्याच कायद्यात होती. म्हणजे कुंकू हवे असेल तर घरदार सोडावे लागणार, आणि घरदार हवे असेल तर कुंकू विसरावे लागणार. हे वाचल्यापासून इतर समाजांनी ही गाठ कशी सोडवली, याचा शोध घ्यावासा वाटू लागला आणि त्या ओघात आरंभीच्या इस्लामी समाजाकडे वळलो.

अडचण अशी आहे की या विषयावर मराठीत जे हाती लागते, ते बहुतांशी प्रेषित मुहम्मद यांच्या विवाहांच्या संख्येभोवती फिरते. काही लेखक त्यांचे समर्थन करतात, काही टीका करतात आणि ज्या स्त्रीविषयी हा सारा वाद चालतो, ती बाजूलाच राहते. माझा प्रश्न त्यापेक्षा साधा आहे. सातव्या शतकाच्या पूर्वार्धात मदिनेत एखाद्या स्त्रीचा नवरा वारला, तर दुसऱ्या दिवसापासून ती कोणाच्या छपराखाली राहत असे? तिच्या लेकरांच्या तोंडी घास कोण घालत असे? तिच्यावर दिराचा किंवा सावत्र मुलाचा काही हक्क चालत असे का? तिने पुन्हा लग्न केले, तर पहिल्या नवऱ्याकडून आलेला हिस्सा तिच्याकडे राही का? आणि जिच्यामागे कोणीच नाही, तिचे काय? नियमांची यादी सहज मिळते. मला प्रत्यक्ष प्रसंगांच्या आधारे कोणी सांगितले, तर फार उपकार होतील.


नदीकाठ

आपण पैशापासून सुरुवात केलीत हे चांगले झाले, कारण या विषयाचा खरा कणा तोच आहे.

आधी इस्लामपूर्व काळाविषयी थोडेसे. अरबस्तानात सर्वत्र एकच रीत होती असे मानण्याचे कारण नाही. मक्केतील खदीजा दोनदा विधवा झालेल्या होत्या, तरीही त्या स्वतःचे भांडवल गुंतवून सीरियाच्या वाटेवर माल पाठवीत होत्या आणि मुहम्मद यांच्याशी विवाहाचा प्रस्तावही त्यांनीच पाठवला होता. पण सर्वसामान्य विधवेची गोष्ट निराळी होती. प्रेषितांचे चुलतभाऊ इब्न अब्बास यांच्या नावे नोंदलेल्या माहितीनुसार, पुरुष मेला की त्याच्या बायकोवर तिच्या माहेरापेक्षा त्याच्या नातलगांचा अधिकार अधिक मानला जाई. त्यांच्यापैकी कोणाला हवे असेल तर तो तिच्याशी लग्न करी, नाहीतर ते तिचे लग्न दुसऱ्या कोणाशी लावून देत, आणि तेही नको असेल तर तिला तशीच अडकवून ठेवीत. थोरल्या सावत्र मुलाने बापाच्या विधवेवर हक्क सांगण्याची प्रथाही काही टोळ्यांत होती. कुराणाच्या चौथ्या सूरहमधील (अध्यायातील) १९ वी आयत (वचन) स्त्रियांना त्यांच्या इच्छेविरुद्ध वारशात घेण्यास मनाई करते आणि २२ वी आयत बापाच्या बायकोशी लग्न करणे निषिद्ध ठरवते. ज्या गोष्टीला स्पष्ट शब्दांत मनाई करावी लागली, ती गोष्ट समाजात चालत होती, एवढे तरी यावरून निश्चित म्हणता येते.

आता हिश्श्याविषयी. इ. स. ६२५ मध्ये उहुदच्या लढाईत सुमारे ७० मुस्लिम पुरुष मारले गेले. मदिनेसारख्या लहानशा वस्तीत एका दिवसात इतक्या घरांचे कर्ते पुरुष गेले, ही गोष्ट डोळ्यांसमोर ठेवल्याशिवाय चौथ्या सूरहमधील विधवा, अनाथ आणि वारसा यांविषयीचे नियम नीट समजत नाहीत. त्या लढाईत पडलेल्यांपैकी एक साद इब्न रबी. त्यांची विधवा दोन मुलींना घेऊन प्रेषितांकडे आली आणि तिने सांगितले, की या सादच्या मुली आहेत, त्यांचा बाप तुमच्या बाजूने लढताना मेला, त्यांच्या चुलत्याने सगळी मालमत्ता ताब्यात घेतली असून मुलींसाठी काहीही ठेवलेले नाही आणि मालमत्ता नसेल तर त्यांची लग्ने होणार नाहीत. लढू न शकणाऱ्याला वारसा नाही, ही जुनी टोळीची रीत होती आणि चुलता तिच्याच आधाराने वागला होता. वारशाच्या आयती या प्रसंगानंतर आल्या असे वृत्तान्त सांगतो. त्यानंतर चुलत्याला बोलावून आदेश देण्यात आला, की दोन्ही मुलींना मिळून दोन तृतीयांश द्यावे, त्यांच्या आईला एक अष्टमांश द्यावा आणि उरेल ते स्वतः घ्यावे. संपत्तीचे २४ भाग केले तर मुलींना १६, विधवेला ३ आणि चुलत्याला ५, असा हा हिशेब होतो.

नवऱ्याला अपत्य नसेल तर विधवेला चौथा हिस्सा, असेल तर आठवा हिस्सा, हा नियम झाला. हा हिस्सा मोठा नाही, हे उघड आहे. एकापेक्षा अधिक विधवा असतील तर त्या एकाच आठव्या हिश्श्यात सगळ्यांना वाटेकरी व्हावे लागते, हेही लक्षात घ्यावे. मात्र वाटणीपूर्वी मृताचे कर्ज फेडायचे असते आणि बायकोचा न दिलेला मेहर, म्हणजे लग्नात नवऱ्याने तिला द्यायची रक्कम, हे कर्जच मानले जाते. त्यामुळे मेहरची रक्कम आधी आणि वारशाचा हिस्सा नंतर, अशा दोन वाटांनी तिच्या हाती काही येऊ शकत असे. मेहर ठरलाच नसेल तर काय, असाही प्रश्न पुढे आला. लग्न लागले, मेहर ठरण्याआधी आणि सहवास होण्याआधीच नवरा वारला, अशा एका स्त्रीविषयी प्रेषितांचे सहकारी अब्दुल्ला इब्न मसऊद यांनी निवाडा दिला, की तिच्या बरोबरीच्या स्त्रियांना जो मेहर मिळतो तो तिला मिळावा, वारसाही मिळावा आणि तिने इद्दतही, म्हणजे पुन्हा लग्न करण्याआधीची ठरावीक मुदतही, पाळावी. तेव्हा अशजा टोळीतील माकिल इब्न सिनान उठून म्हणाले, की आमच्यातल्या बरवा बिन्त वाशिक हिच्याबाबत प्रेषितांनी असाच निर्णय दिला होता.

आपला नेमका प्रश्न पुनर्विवाहाने हिस्सा जातो का, असा आहे. जात नाही. मिळालेला हिस्सा तिच्या मालकीचा होतो. ती पुढे लग्न करो अथवा न करो, तो परत मागण्याचा अधिकार दिराला नाही. १८५६ च्या कायद्यापेक्षा ही तरतूद मुळातच वेगळी आहे. तेथे विधवेचा हक्क हयातीपुरता आणि विधवापणापुरता होता. येथे ती इतर वारसांसारखीच एक वारस ठरली.

रकमा कशा असत, याचे एक टोकाचे उदाहरण सांगतो. ६५६ मध्ये प्रेषितांचे सहकारी जुबैर इब्न अव्वाम मारले गेले, तेव्हा त्यांच्यावर बावीस लाखांचे कर्ज होते आणि संपत्ती बहुतेक जमिनीत अडकलेली होती. त्यांचे पुत्र अब्दुल्ला यांनी गाबा येथील जमीन विकून कर्ज फेडले, पण वाटणी लगेच केली नाही. लागोपाठ चार वर्षे हजच्या वेळी त्यांनी जाहीर पुकारा केला, की ज्याचे जुबैर यांच्याकडे येणे असेल त्याने यावे. त्यानंतरच वाटणी झाली. चार विधवांनी आठवा हिस्सा वाटून घेतला आणि तरीही प्रत्येकीच्या वाट्याला बारा लाख आले, असे बुखारींच्या हदीससंग्रहात (प्रेषित आणि त्यांच्या सहकाऱ्यांविषयीच्या वृत्तान्तांच्या संग्रहात) नोंदलेले आहे. साद यांच्या विधवेची आणि या चौघींची परिस्थिती यांत जमीन-अस्मानाचे अंतर होते. नियम मात्र दोन्हीकडे तोच होता.


खाडीपलीकडे

नदीकाठ यांनी हिश्श्याचे उत्तम सांगितले आहे. मी निवाऱ्याविषयी आणि इद्दतीविषयी लिहिते, कारण या भागात गैरसमज फार आहेत आणि ते केवळ मुस्लिमेतरांतच आहेत असेही नाही.

जुनी रीत कशी होती, हे जैनब बिन्त अबी सलमा यांनी सांगून ठेवले आहे. नवरा वारलेली स्त्री एका अगदी लहान, कोंदट खोपटात शिरत असे, अंगावर सर्वांत वाईट कपडे घालीत असे, सुगंधाला हात लावीत नसे आणि पूर्ण एक वर्ष तेथेच काढीत असे. वर्ष संपले की बाहेर येऊन एक लेंडी फेकत असे, आणि मग ती सुटली असे मानले जाई. एका स्त्रीने आपल्या विधवा मुलीचे डोळे दुखत असल्याने काजळ घालण्याची परवानगी मागितली, तेव्हा प्रेषितांनी ती नाकारली आणि म्हणाले, की आता तर फक्त चार महिने दहा दिवसांचा प्रश्न आहे, पूर्वी तुमच्यातली बाई वर्षाअखेर लेंडी फेकत होती. या उत्तरातला कठोरपणा मला आजही बोचतो, हे मान्य करते. परंतु मुदत एक वर्षावरून चार महिने दहा दिवसांवर आली आणि ती संपण्याचा दिवस कोणाच्या मर्जीवर न राहता ठरून गेला, हे त्या काळात लहान पाऊल नव्हते. गरोदर स्त्रीची मुदत तर बाळंत होताच संपते. शोकाच्या काळात रंगीत वस्त्रे, सुरमा, अत्तर वर्ज्य होते; मात्र मासिक पाळीनंतर न्हाताना थोडासा सुवासिक धूप वापरण्याची सवलत उम्म अतिया यांनी नोंदवली आहे.

या काळात राहायचे कुठे? फुरैआ बिन्त मालिक यांचा प्रसंग येथे महत्त्वाचा आहे. त्यांचा नवरा पळून गेलेल्या आपल्या गुलामांच्या मागावर गेला आणि कदूमच्या सीमेवर त्यांनी त्याला मारले. फुरैआ प्रेषितांकडे आल्या आणि म्हणाल्या, की नवऱ्याने मला स्वतःच्या मालकीच्या घरात ठेवलेले नाही, खर्चालाही काही मागे सोडलेले नाही, तेव्हा मी माहेरी जाऊ का? आधी होकार मिळाला. त्या परतीच्या वाटेला लागल्या, तोच त्यांना पुन्हा बोलावून सगळी हकीकत परत सांगायला लावली गेली आणि मग सांगण्यात आले, की मुदत पुरी होईपर्यंत आपल्या घरातच राहा. पुढे उस्मान खलिफा, म्हणजे प्रेषितांनंतरचे मुस्लिम समाजाचे प्रमुख, असताना असाच प्रश्न आला, तेव्हा त्यांनी फुरैआंकडे माणूस पाठवून विचारणा केली आणि त्यांच्या सांगण्यावरून निर्णय दिला. एका विधवेची स्वतःची हकीकत खलिफाच्या निवाड्याचा आधार झाली, ही बाब मला विशेष वाटते.

तरीही सगळ्यांचे मत एकच होते असे नाही. उस्मान यांच्या आधीचे खलिफा उमर यांनी हजला निघालेल्या, इद्दतीत असलेल्या विधवांना मदिनेबाहेरील बैदा येथून परत पाठवले होते. उलट ६५६ मध्ये तल्हा मारले गेल्यावर त्यांची विधवा उम्म कुलसूम यांना, म्हणजे स्वतःच्या धाकट्या बहिणीला, प्रेषितांच्या पत्नी आयेशा इद्दतीतच मक्केला घेऊन गेल्या. विधवेने इद्दत कोठेही काढावी, असे इब्न अब्बास यांचेही मत होते. हा मतभेद उघडपणे चालला आणि नोंदला गेला.

आता ज्या बाईसाठी मी हा प्रतिसाद लिहायला घेतला, तिच्याविषयी. इमाम मालिक यांच्या मुवत्ता या हदीससंग्रहामध्ये साइब इब्न खब्बाब यांच्या विधवेची आठवण आहे. नवरा गेल्यावर ती उमर यांचे पुत्र इब्न उमर यांच्याकडे गेली आणि मदिनेजवळच्या कनात येथे आमचे शेत आहे, तेथे रात्री मुक्काम करू का, असे तिने विचारले. त्यांनी रात्री राहण्यास मनाई केली. मग ती पहाटेच्या अंधारात मदिनेतून निघे, उजाडता उजाडता शेतावर पोहोचे, दिवसभर तेथे काम पाही आणि दिवेलागणीला परत येऊन रात्री आपल्या घरी झोपत असे. म्हणजे इद्दतीतली बाई शेत सांभाळत होती, कारण पीक शोकासाठी थांबत नाही.

मी कोकणातल्या मुस्लिम घरात वाढले. आमच्या जवळच्या नात्यात एका विधवेला इद्दतीच्या नावाखाली खिडकीतही उभे राहू दिले नव्हते, आणि जमिनीची वाटणी झाली तेव्हा तिचा हिस्सा तिने राजीखुशीने सोडला असे कागदावर लिहून घेतले गेले. धर्मानेच तसे सांगितले आहे, असे तिला समजावण्यात आले होते. १९३७ च्या शरियत कायद्याने शेतजमीन आपल्या कक्षेबाहेर ठेवली होती, हेही पुष्कळांना ठाऊक नसते. कनातच्या शेतावर रोज पहाटे जाणारी ती बाई तेव्हाच माहीत असती, तर मी त्या बैठकीत गप्प बसले नसते.


अनवट

पुनर्विवाहाविषयी मी लिहितो. नदीकाठ यांनी कायदा सांगितला. परंतु विधवेच्या मनाला किती किंमत होती, हे पाहण्यासाठी प्रसंगांकडेच जावे लागते आणि सुदैवाने असे प्रसंग भरपूर आहेत.

सुबैआ अस्लमिया यांचा नवरा साद इब्न खौला प्रेषितांच्या शेवटच्या, म्हणजे निरोपाच्या हजच्या वेळी, ६३२ मध्ये, मक्केत वारला. त्या गरोदर होत्या आणि थोड्याच काळात बाळंत झाल्या. शुद्ध झाल्यावर त्यांनी मागणी घालणाऱ्यांसाठी साजशृंगार केला. मागणी घालणारे दोघे होते, एक तरुण आणि एक प्रौढ; सुबैआंचा कल तरुणाकडे होता. प्रौढ गृहस्थ, अबू सनाबिल, त्यांना म्हणाले, की चार महिने दहा दिवस होईपर्यंत तुला लग्न करता येणार नाही. मालिक यांच्या नोंदीत पुढे असेही आहे, की तिचे घरचे लोक तेव्हा बाहेरगावी होते आणि ते परत आल्यावर आपल्या बाजूने कौल देतील, अशी या गृहस्थांना आशा होती. सुबैआंनी त्यांच्याशी वाद घातला नाही. संध्याकाळ झाल्यावर अंगावर वस्त्रे नीट गुंडाळून त्या सरळ प्रेषितांकडे गेल्या आणि विचारले. उत्तर मिळाले, की बाळंत झालीस तेव्हाच तू मोकळी झालीस, हवे असेल तर लग्न कर. धर्माचा हवाला देऊन बाईला अडवणाऱ्याचा हेतू काय असू शकतो, याचा इतका स्पष्ट नमुना जुन्या नोंदींत क्वचितच सापडतो.

उम्म सलमा यांची गोष्ट अधिक खोल आहे. मक्केहून मदिनेला हिजरत (स्थलांतर) करताना माहेरच्यांनी त्यांना अडवून ठेवले, सासरच्यांनी लहान मुलगा हिसकावून घेतला आणि नवरा एकटाच मदिनेला गेला. सुमारे वर्षभर ताटातूट सोसल्यावर त्या नवऱ्याजवळ पोहोचल्या होत्या. अबू सलमा उहुदला जखमी झाले आणि पुढे त्याच जखमेने गेले. संकटात म्हणायची एक प्रार्थना त्यांना शिकवलेली होती, तिच्यात गेल्यापेक्षा चांगले दे, असे मागणे आहे. ती म्हणताना, अबू सलमापेक्षा चांगला कोण असणार, असे आपल्या मनात आल्याचे त्यांनी स्वतःच सांगितले आहे. अबू बकर (पुढे पहिले खलिफा झालेले) आणि उमर यांच्या मागण्या त्यांनी नाकारल्या. प्रेषितांचा निरोप आला, तेव्हाही त्यांनी लगेच होकार दिला नाही. माझे वय झाले आहे, माझा स्वभाव मत्सरी आहे आणि माझ्या पदरी मुले आहेत, असे त्यांनी कळवले. तिन्ही गोष्टींची उत्तरे आली आणि मुलांची जबाबदारी घेण्याचे वचन आले, त्यानंतरच विवाह झाला. तेव्हा अंगावर पिणारी जी मुलगी होती, तीच जैनब बिन्त अबी सलमा. विधवांच्या जुन्या रिवाजाची जी आठवण खाडीपलीकडे यांनी वर दिली आहे, ती याच मुलीने मोठेपणी सांगितलेली आहे. आईचे वैधव्य तिने दुधाबरोबर प्यालेले होते.

पुनर्विवाहानंतर पहिल्या नवऱ्याचे नाव पुसून टाकायचे, असा दंडक दिसत नाही. अस्मा बिन्त उमैस यांचे पती जाफर ६२९ मध्ये मुताच्या लढाईत पडले. ती बातमी सांगायला प्रेषित त्यांच्या घरी गेले, तेव्हा अस्मांनी कातडी कमावून ठेवली होती, पीठ मळले होते आणि मुलांना न्हाऊ घालून तेल लावले होते. प्रेषितांनी मुलांना जवळ घेतले आणि त्यांचे डोळे भरून आले; त्यावरून अस्मांनी काय ते ओळखले. जाफरच्या घरी जेवण पाठवा, त्यांच्यावर आज असे काही कोसळले आहे की त्यांना कशाची शुद्ध नाही, असे प्रेषितांनी आपल्या घरी सांगितले. पुढे अस्मांचा विवाह अबू बकर यांच्याशी झाला, ६३४ मध्ये त्यांच्या पार्थिवाला अस्मांनीच स्नान घातले, आणि त्यानंतर अली यांच्याशी विवाह झाला. जाफर यांचा मुलगा आणि अबू बकर यांचा मुलगा एकदा कोणाचा बाप श्रेष्ठ यावरून भांडू लागले, तेव्हा अली यांनी निवाडा अस्मांवर सोपवला. अस्मा म्हणाल्या, की अरबांमध्ये जाफरपेक्षा चांगला तरुण आणि अबू बकरपेक्षा चांगला प्रौढ मी पाहिला नाही. तू आमच्यासाठी काहीच शिल्लक ठेवले नाहीस, असे अली म्हणाले, अशी नोंद आहे. हे संभाषण त्या घरात मोकळेपणी होऊ शकले, यावरून पुष्कळ कळते.

आतिका बिन्त जैद यांना पहिला नवरा अब्दुल्ला, अबू बकर यांचा मुलगा, यांनी पुन्हा लग्न न करण्याच्या अटीवर काही मालमत्ता दिली होती. त्यांनी ती परत केली आणि उमर यांच्याशी लग्न केले, असे वृत्तान्त सांगतात. आपण १८५६ च्या कायद्याचा उल्लेख केला आहे म्हणून हे मुद्दाम सांगतो: लग्न आणि मालमत्ता यांची सांगड नवऱ्यांच्या मनात तेथेही होती, फक्त ती वारशाच्या नियमात शिरू शकली नाही.


साक्षेप

वरील तिन्ही प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहेत, परंतु त्यांतून उभे राहणारे चित्र एकाच बाजूचे आहे आणि ते तसेच राहू नये, असे मला मनापासून वाटते.

पहिली गोष्ट म्हणजे, हे वृत्तान्त आपल्यापर्यंत ज्या संग्रहांतून आले, ते आठव्या आणि नवव्या शतकांत रचले गेले. मालिक ७९५ मध्ये वारले, बुखारी ८७० मध्ये. फुरैआ किंवा सुबैआ यांच्या हकीकती टिकल्या, त्या पुढच्या न्यायशास्त्र्यांना त्यांच्यातून नियम काढायचे होते म्हणून. ज्या विधवेच्या आयुष्यातून नियम निघत नव्हता, तिची नोंद राहिली नाही.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. वर आलेल्या सर्व विधवा स्वतंत्र स्त्रिया आहेत. गुलाम स्त्रीचा नवरा वारला, तर बहुतेक न्यायशास्त्र्यांच्या मते तिची इद्दत निम्मी, म्हणजे दोन महिने पाच दिवसांची होती, आणि गुलामीत असेपर्यंत तिला वारसा मिळत नव्हता. मालकापासून मूल झालेली दासी मालकाच्या मृत्यूनंतर स्वतंत्र होई, असा निर्णय उमर यांच्या काळात पक्का झाला. ती सुटका खरी होती, पण हिस्सा तिच्या वाट्यालाही नव्हता. आणि युद्धात हरलेल्या बाजूच्या विधवांचे काय? ६२८ मध्ये खैबर ही ज्यूंची वस्ती पडली, तेव्हा सफिया बिन्त हुयै यांचा नवरा किनाना मारला गेला आणि त्या कैद झाल्या. त्यांची मुक्तता होऊन प्रेषितांशी विवाह झाला, म्हणून त्यांचे नाव आपल्याला ठाऊक आहे. कैदेत सापडलेल्या इतर स्त्रियांना चार महिने दहा दिवसांची सन्मानाची मुदत नव्हती. गर्भ नाही याची खात्री होण्यापुरती, एका पाळीची वाट पाहिली जाई आणि मग ती स्त्री विजेत्याच्या मालकीत जाई. त्या काळी रोमन आणि इराणी फौजाही कैद्यांना गुलामच करीत होत्या, हे खरे. पण म्हणून त्या स्त्रियांचे वैधव्य कमी दुःखाचे ठरत नाही. आरंभीच्या इस्लामी समाजातील विधवा, असे म्हणताना त्याही याच समाजात राहत होत्या, हे विसरून चालणार नाही.


जुनी वही

सर्वांचे मनःपूर्वक आभार. साक्षेप यांच्या प्रतिसादाने प्रश्नाची व्याप्ती वाढली आणि ती वाढायलाच हवी होती. माझ्या मूळ प्रश्नातील शेवटचा भाग मात्र अजून राहिला आहे: जिच्या नवऱ्याने आठवा हिस्सा काढण्याजोगे काही मागे ठेवलेच नाही आणि जिला मागणीही आली नाही, अशी स्वतंत्र पण निर्धन विधवा कशावर जगत होती?


नदीकाठ

दान, जकात आणि शेजार यांवर, असे एका ओळीत सांगता येईल. विधवा आणि गरिबांसाठी झटणारा हा ईश्वराच्या मार्गात लढणाऱ्यासारखा आहे, हे प्रेषितवचन प्रसिद्धच आहे. पण आपल्याला प्रसंग हवा आहे आणि बुखारींच्या संग्रहात तो नेमका सापडतो.

उमर खलिफा असताना बाजारातून जात होते. एका तरुण स्त्रीने त्यांना गाठले आणि म्हणाली, की माझा नवरा वारला आहे, मागे लहान लहान लेकरे आहेत. त्यांना बकरीचा पायासुद्धा शिजवून घेता येत नाही, त्यांच्यापाशी ना शेत आहे ना दुभते जनावर आणि दुष्काळ त्यांना गिळून टाकील अशी मला भीती वाटते. मी खुफाफ इब्न ईमा गिफारी यांची मुलगी आहे, आणि माझे वडील हुदैबियाच्या कराराच्या वेळी प्रेषितांबरोबर होते. उमर जागीच थांबले, पुढे गेले नाहीत. त्यांनी घरी बांधलेला एक दणकट उंट आणवला, त्याच्यावर धान्याने भरलेली दोन पोती लादली, मध्ये पैसे आणि कपडे ठेवले आणि वेसण तिच्या हातात देऊन सांगितले, की घेऊन जा, हे संपायच्या आत ईश्वर तुझे बरे करील. कोणीतरी म्हणाले, की तुम्ही हिला फारच दिलेत. उमर त्याच्यावर उसळले आणि म्हणाले, की हिच्या बापाने आणि भावाने एका किल्ल्याला दीर्घकाळ वेढा घालून तो जिंकलेला मी पाहिला आहे आणि त्या विजयाचे वाटे आपण खात होतो.

ही व्यक्तिगत मदत झाली. संस्था म्हणून पाहायचे, तर सुमारे ६४१ मध्ये उमर यांनी दीवान सुरू केले, म्हणजे जिंकलेल्या प्रदेशांच्या महसुलातून वार्षिक नेमणुका देण्यासाठी नावांची वही. तिच्यात सैनिकांबरोबर स्त्रियांची आणि मुलांचीही नावे होती. सर्वांत मोठ्या नेमणुका प्रेषितांच्या विधवांना होत्या, प्रत्येकी दहा हजार दिरहम आणि आयेशांना बारा हजार. कुराणाने त्यांना पुनर्विवाह निषिद्ध केला होता, त्यामुळे त्यांच्यासाठी ही नेमणूक हाच कायमचा आधार होता. इराकमध्ये तेव्हा कूफा आणि बसरा या छावण्यांची शहरे होत होती आणि पुरुष लांबच्या मोहिमांवर मरत होते. ६४४ मध्ये उमर म्हणाले, की ईश्वराने मला जगवले, तर इराकच्या विधवांना माझ्यानंतर कोणाही पुरुषाकडे हात पसरावा लागणार नाही, अशी व्यवस्था मी करून ठेवीन. त्यानंतर चारच दिवसांनी त्यांच्यावर खंजिराचा हल्ला झाला.

साक्षेप यांच्या मुद्द्याशी हे जोडून पाहिले, तर माझे मत असे होते. आठव्या हिश्श्यासाठी विधवेला कोणाची ओळख सांगावी लागत नव्हती. सादच्या विधवेला तो मिळाला, तो वारस म्हणून. जेथे हिस्सा नव्हता, तेथे मात्र वहीत नाव असावे लागे, आणि वहीतले स्थान इस्लाममध्ये कोण केव्हा आला आणि कोणत्या लढाईत होता, यावर ठरत असे. खुफाफ यांच्या मुलीने भर बाजारात आधी लेकरांची भूक सांगितली आणि मग वडिलांचे नाव आणि हुदैबियाचा दाखला दिला. उमर यांनी टीकाकाराला जे उत्तर दिले, त्यात भुकेचा उल्लेख नाही. त्यात तिच्या बापाचा आणि भावाचा पराक्रम आहे. त्याच बाजारात त्या दिवशी जिच्या वडिलांनी कोणताही किल्ला जिंकलेला नव्हता अशी एखादी विधवा आली असती, तर उमर यांच्यासारख्या माणसाने तिलाही रिकाम्या हाताने पाठवले नसते, असे मला वाटते. पण तिच्यासाठी तो हक्क नसून खलिफाचा चांगुलपणा ठरला असता, आणि पुढचा खलिफा तसाच असेल याची हमी तिला कोणी देऊ शकत नव्हते.